ब्रॅम्प्टन-मिसिसॉगातल्या मराठी मंडळींना खुलं पत्र: रेल्वेच्या बाजूनं बोलायला या

प्रिय मराठी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

येत्या 26 ऑक्टोबरला, 2026 च्या शरदात, ओंटारियोतल्या सगळ्या शहरांच्या निवडणुका आहेत. त्याआधी गणपती आहेत, नवरात्र आहे. आपल्या कार्यक्रमांना उमेदवार येतील, हात जोडतील, स्टेजवरून दोन शब्द बोलतील. आपण त्यांचं अगत्यानं स्वागत करू, प्रसाद देऊ. या वेळी त्यांच्यापुढे एक प्रश्नही ठेवावा, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. प्रश्न असा: हुरॉन्टारिओ रस्त्यावरची एलआरटी, म्हणजे लाइट रेल्वे, स्टील्स रस्त्यापाशी संपते, ती ब्रॅम्प्टनच्या डाउनटाउनपर्यंत जमिनीवरून, भुयाराची वाट न बघता न्यायला तुमचा पाठिंबा आहे का?

आपल्यातली बरीच मंडळी 2015 नंतर इथे आली. त्या वर्षी काय घडलं हे त्यांच्या कानावर नसेल, म्हणून आधी ते सांगते. मिसिसॉगातल्या पोर्ट क्रेडिट गो (प्रांताची उपनगरी रेल्वे) स्टेशनपासून हुरॉन्टारिओ रस्त्यानं सरळ उत्तरेला, ब्रॅम्प्टन गो स्टेशनपर्यंत 23 किलोमीटरची लाइट रेल्वे बांधायची, असा मूळ बेत होता. हाच रस्ता ब्रॅम्प्टनमध्ये मेन स्ट्रीट होतो. एप्रिल 2015 मध्ये प्रांताच्या सरकारनं बांधकामाचा सगळा खर्च, सुमारे 1.6 अब्ज डॉलर, उचलायचं कबूल केलं. रूळ टाकायला शहराच्या तिजोरीतून काही जाणार नव्हतं. ऑक्टोबर 2015 मध्ये ब्रॅम्प्टनच्या काउन्सिलनं मतदान केलं आणि 7 विरुद्ध 4 मतांनी मेन स्ट्रीटचा मार्ग नाकारला. मिसिसॉगानं आपला भाग घेतला आणि रेल्वे स्टील्सवरच्या ब्रॅम्प्टन गेटवे टर्मिनलपाशी थांबवण्यात आली. 1978 ते 2014 अशी 36 वर्षं मिसिसॉगाच्या महापौर राहिलेल्या हेझल मॅककॅलियन यांचं नाव आज त्या मार्गाला आहे. लांबी 18 किलोमीटर, थांबे 19. ती 2024 मध्ये सुरू व्हायची होती, तेही लांबलं.

नकार देणाऱ्यांकडे कारणं होती आणि ती खोटी नव्हती. डाउनटाउनमधला मेन स्ट्रीट अरुंद आहे. त्याच्या दक्षिणेला जुनी, वारसा म्हणून जपलेली घरं आणि मोठी झाडं आहेत. इटोबिको क्रीकच्या पुराचा प्रश्न आहे. शनिवारचा शेतकरी बाजार त्याच रस्त्यावर भरतो. दुसरा मार्ग शोधू, असं त्या सातांचं म्हणणं होतं. विरोध करणाऱ्यांत ओंटारियोचे माजी प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, बिल डेव्हिस होते. ते ब्रॅम्प्टनचेच. टोरंटोच्या मधोमध घुसणारा स्पॅडायना एक्सप्रेसवे 1971 मध्ये त्यांनी थांबवला होता. वाहतूक गाड्यांसाठी नव्हे, माणसांसाठी आखायची असेल तर हा रस्ता इथेच थांबवलेला बरा, असं त्यांनी विधानसभेत सांगितलं होतं. त्या निर्णयानं टोरंटोच्या कित्येक वस्त्या वाचल्या, आणि पुढे 1978 मध्ये त्याच पट्ट्यातून सबवे गेली. असा माणूस आपल्या गावच्या रेल्वेच्या मार्गाला विरोध करतो, याचं मला आजही वाईट वाटतं. त्यांच्याबद्दलचा आदर मात्र कमी होत नाही. एखाद्या रस्त्यावर आयुष्य घालवलं की तो बदलू नये असं वाटणं स्वाभाविक आहे. त्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला बसथांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला काय वाटतं, हे काउन्सिलच्या सभागृहात तितक्याच जोरानं कुणी सांगितलं नाही, ही खरी अडचण होती.

ती थांब्यावरची माणसं कोण आहेत, हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे, कारण ती आपल्या घरातली आहेत. 2021 च्या जनगणनेत ब्रॅम्प्टनची लोकसंख्या साडेसहा लाखांवर होती आणि त्यातले निम्म्याहून जास्त लोक दक्षिण आशियाई मुळांचे. कॉलेजात शिकणारी आपली भाचरं-पुतणी रात्रपाळीला विमानतळाजवळच्या गोदामात जातात आणि पहाटे पाळी सुटल्यावर पहिल्या बसची वाट बघत बर्फात उभी राहतात. नवीन आलेलं जोडपं पहिल्या वर्षात एक गाडी घेतं, आणि नवरा-बायकोपैकी एकाची नोकरी त्या गाडीच्या वेळेवर अडते. ब्रॅम्प्टनमध्ये गाडीचा विमा प्रांतातल्या सगळ्यात महागांपैकी आहे. दुसरी गाडी घ्यायचा हिशेब मांडताना आपण सगळ्यांनी कपाळाला हात लावलेला आहे.

आणि आपले आई-बाबा. आई-वडिलांसाठीच्या सुपर व्हिसावर येतात, पाच-पाच वर्षं राहू शकतात. पुण्यात स्वतः रिक्षा करून मंडईत जाणारी, डेक्कनवर मैत्रिणींना भेटणारी बाई इथे आली की तिला वाचनालयात जायचं तरी लेक किंवा जावई घरी येईपर्यंत थांबावं लागतं. माझ्या सासूबाई डोंबिवलीहून आल्या. चाळीस वर्षं त्यांनी फास्ट लोकलनं नोकरी केली. इथे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात विचारलं, "अगं, इथे बायका एकट्या कशा जातात कुठे?" मी त्यांना बसचा मार्ग दाखवला. रस्ता ओलांडून जायला दहा मिनिटं, मग वीस मिनिटं उभं राहणं, मग बदलायची बस. जानेवारीत हे सत्तरीच्या बाईला सांगायचं कसं? वर्षभर त्या बहुतेक वेळ घरात राहिल्या. त्यांच्यासारखे किती आजी-आजोबा या शहराच्या घराघरांतून बसून आहेत! शाळेत जाणाऱ्या नातवंडांची गोष्टही फार वेगळी नाही. सोळा वर्षांचं पोर क्लासला, पोहायला, मित्राकडे, सगळीकडे आईच्या गाडीतून जातं. आपण त्याला सवय म्हणतो. मला ती गैरसोय वाटते, आणि ती टाळता येण्यासारखी आहे.

आता भुयाराबद्दल. नकारानंतरच्या वर्षांत ब्रॅम्प्टनच्या काउन्सिलनं रेल्वे पुन्हा हवी म्हटलं, पण जमिनीखालून. जानेवारी 2024 मध्ये प्रांताच्या सरकारनंही भुयारी मार्गाला पाठिंबा जाहीर केला. ऐकायला छान वाटतं. रस्त्याला धक्का नाही, झाडांना धक्का नाही. महापालिकेच्याच अभ्यासात मात्र जमिनीवरच्या मार्गाचा अंदाज एक अब्ज डॉलरच्या आत होता आणि भुयारी मार्गाचा पावणेतीन अब्जांच्या आसपास, म्हणजे जवळपास तिप्पट. अंतर तेच आणि बसणारे प्रवासीही तेच. उरलेल्या पैशात शहरात आणखी काय काय झालं असतं, हा हिशेब मागायला नको का? आणि पैशापेक्षाही मोठा प्रश्न वेळेचा आहे. भुयाराची आखणी, भूगर्भाची तपासणी, निधीची मंजुरी, कंत्राटं, मग खणायचं यंत्र. या प्रत्येक पायरीवर सरकार बदलू शकतं आणि सरकार बदललं की बेत बदलतो. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागण्याचा हा प्रकार आहे, आणि त्याचं काय होतं हे शेजारच्या शहरानं दाखवून दिलेलं आहे.

टोरंटोच्या पूर्व भागातल्या स्कारबरोची गोष्ट नीट समजून घ्या. तिथे 1985 पासून स्कारबरो आरटी नावाची छोटी रेल्वे धावत होती, साडेसहा किलोमीटरच्या आत, सहा स्थानकं. गाड्या जुन्या झाल्या तेव्हा तिच्या जागी सात थांब्यांची एलआरटी बांधायचं ठरलं. पैसे प्रांत देणार होता. हातात करार होता. तरीही स्कारबरोवर अन्याय होतो आहे, डाउनटाउनला सबवे आणि आम्हाला मात्र ट्राम, असं म्हणत 2013 मध्ये टोरंटोच्या काउन्सिलनं एलआरटी सोडली आणि तीन स्थानकांची सबवे मागितली. त्यासाठी घरपट्टीवर वेगळा अधिभार बसवला. खर्च वाढला, तेव्हा 2016 मध्ये तीन स्थानकांचं एकच स्थानक झालं. 2019 मध्ये प्रांतानं काम आपल्या हाती घेतलं आणि पुन्हा तीन स्थानकं झाली. 7.8 किलोमीटरच्या या मार्गाचं भुयार खणायला प्रत्यक्षात सुरुवात 2023 च्या जानेवारीत झाली. त्याच वर्षी 24 जुलैला जुन्या आरटीचा शेवटचा डबा रुळांवरून घसरला, काही प्रवासी जखमी झाले, आणि ती सेवा कायमची बंद झाली. तेव्हापासून स्कारबरोचे लोक बसनं केनेडी स्थानक गाठतात. नवी सबवे येईपर्यंत ते असंच चालणार. जी सात थांब्यांची रेल्वे 2013 मध्ये मुकाट्यानं बांधली असती, तिच्यातून आज स्कारबरोची मुलं कॉलेजला गेली असती. स्कारबरोच्या लोकांची मागणी अवाजवी नव्हती. आम्हालाही डाउनटाउनइतकंच चांगलं मिळावं, हे कुणालाही वाटेल. पण 'चांगलं' म्हणजे जमिनीखाली, हे समीकरण त्यांच्या गळी कुणीतरी उतरवलं. तेच समीकरण आज ब्रॅम्प्टनमध्ये मांडलं जातं आहे.

टोरंटोतल्याच एग्लिंटन रस्त्याचंही तसंच. त्या रस्त्याखाली सबवे खणायला 1994 मध्ये सुरुवात झाली. 1995 मध्ये माइक हॅरिस यांचं सरकार आलं, काम बंद झालं आणि खणलेला खड्डा पैसे खर्च करून बुजवण्यात आला. 2007 मध्ये महापौर डेव्हिड मिलर यांनी ट्रान्झिट सिटी नावाची सात एलआरटी मार्गांची योजना आणली. 2010 मध्ये रॉब फोर्ड निवडून आले आणि पहिल्याच दिवसांत त्यांनी ती मोडीत काढली. त्यातून वाचलेलं एग्लिंटन क्रॉसटाउनचं काम 2011 मध्ये सुरू झालं. 19 किलोमीटर, 25 थांबे, 2020 मध्ये उघडायचं. 2025 साल सरलं तेव्हाही त्या मार्गावर प्रवासी बसला नव्हता. अखेर 2026 च्या फेब्रुवारीत गाडी धावली. त्या मार्गाचा अर्ध्याहून जास्त भाग भुयारी आहे, जुन्या सबवेच्या स्थानकांखालून खणायला लागला आहे, आणि बांधणारे कंत्राटदार आणि प्रांताची वाहतूक संस्था मेट्रोलिंक्स यांच्यात कोर्टकज्जे झाले आहेत. हे सगळं भुयाराच्या खात्यावर टाकता येणार नाही, पण बरंच टाकता येईल. ओंटारियो लाइन या टोरंटोतल्या नव्या सबवेचं उदाहरण ताजं आहे: 2019 मध्ये 10.9 अब्ज डॉलरला जाहीर झालेला मार्ग आज 27 अब्जांच्या घरात पोचला आहे. ती लाइन हवीच आहे, टोरंटोच्या मध्यभागी तिला दुसरा पर्याय नाही, आणि तिथे भुयार खणणं समजू शकतं. मेन स्ट्रीटवरचे चार-पाच किलोमीटर म्हणजे टोरंटोचं क्वीन स्ट्रीट नव्हे.

"मुंबईत मेट्रो-3 पूर्ण भुयारी झाली, 33 किलोमीटर, मग इथे का नको?" असं आपल्या गप्पांमध्ये कुणीतरी हमखास म्हणतं. ती रेल्वे ऑक्टोबर 2025 मध्ये पूर्ण सुरू झाली याचा मलाही आनंद आहे. पण कुलाबा ते सीप्झ या पट्ट्यात लाखो माणसं दाटीवाटीनं राहतात आणि काम करतात. तिथे जमिनीवर जागाच नव्हती. तीही ठरल्या तारखेला झाली नाही आणि तिचाही खर्च मूळ अंदाजापेक्षा खूप वाढला. मुंबईकडून शिकायचंच असेल तर वेगळी गोष्ट शिकावी: तिथल्या माणसाला लोकलचं वेळापत्रक बघावं लागत नाही, कारण एक गेली की मागून दुसरी येते. माणसाला रेल्वेवर भरवसा बसतो तो फेऱ्यांमुळे. गाडी जमिनीवरून धावते की खालून, हे तिथल्या कुणी विचारत नाही.

कॅनडातच याची उत्तम उदाहरणं आहेत. व्हँकुव्हरनं एक्स्पो 86 च्या तोंडावर विनाचालक स्कायट्रेन सुरू केली आणि मग थांबलं नाही: 2002 मध्ये मिलेनियम लाइन, 2009 मध्ये ऑलिंपिकच्या आधी कॅनडा लाइन, 2016 मध्ये एव्हरग्रीनचा फाटा. बराचसा मार्ग खांबांवरून जातो. दर काही वर्षांनी नवा भाग बांधत राहिल्यामुळे बांधणाऱ्यांचा हात बसलेला राहिला. आता ब्रॉडवेखालचं भुयार आणि सरी ते लँग्ली हा 16 किलोमीटरचा मार्ग बांधला जातो आहे. त्यांनाही उशीर झाला आहे, पण लोकांना पुढचा मार्ग येणार याची खात्री आहे. मॉन्ट्रियलच्या आरईएम या नव्या रेल्वेनं जुने लोहमार्ग आणि माउंट रॉयलखालचं 1918 चं जुनं भुयार वापरलं, बाकी मार्ग बहुतांशी जमिनीवर किंवा खांबांवर नेला. 67 किलोमीटरचं हे जाळं 2016 मध्ये जाहीर झालं आणि पहिला भाग जुलै 2023 मध्ये उघडला. टोरंटोच्या मोजमापानं हा वेग विलक्षण आहे. टोरंटोची पहिली सबवे 1954 ची, मॉन्ट्रियलची मेट्रो 1966 ची. दोघांच्या हातात अनुभव सारखाच होता. फरक पडला तो सुरू केलेलं काम चालू ठेवण्यानं.

रूळ टाकले की काम संपलं, असंही नाही. टोरंटोचा फिंच वेस्ट हा एलआरटी मार्ग 7 डिसेंबर 2025 ला उघडला, हंबर कॉलेजपर्यंत, दहा किलोमीटरच्या थोडा पुढे. ब्रॅम्प्टनहून हंबरला जाणाऱ्या आपल्या मुलांना त्याचा थेट उपयोग आहे. उघडल्यावर लोकांच्या लक्षात आलं की गाडी फार सावकाश चालते. रस्त्याच्या मधोमध स्वतःचे रूळ असूनही ती लाल सिग्नलला डावीकडे वळणाऱ्या मोटारींसाठी थांबत होती. शंभर-दीडशे माणसांनी भरलेली गाडी तीन मोटारींसाठी ताटकळते, हे कुठल्याही हिशेबात बसत नाही. टोरंटोच्या काउन्सिलनं त्याच महिन्यात रेल्वेला सिग्नलवर ठोस प्राधान्य द्यायला सांगितलं. हुरॉन्टारिओवर ही वेळ येऊ नये, म्हणून मिसिसॉगाच्या मंडळींनी आपल्या उमेदवारांना आत्ताच विचारावं: रेल्वेला हिरवा सिग्नल आधी मिळणार की मोटारींना? उत्तर गुळमुळीत आलं तर पुन्हा विचारावं.

दुकानदारांचा मुद्दा मी टाळणार नाही. एग्लिंटन वेस्टला कॅरिबियन समाजाची 'लिटल जमैका' म्हणून ओळखली जाणारी वस्ती आहे. बांधकामाच्या वर्षांत तिथली कित्येक दुकानं बंद पडली. रस्ता खणलेला, पार्किंग गेलेलं, गिऱ्हाईक आत येईना. ब्रॅम्प्टनच्या डाउनटाउनमधल्या छोट्या व्यावसायिकांची भीती म्हणूनच खरी आहे, आणि त्यांच्यात आपलेही लोक आहेत. त्यावर उपाय रेल्वे रद्द करणं हा नव्हे. पहिली कुदळ पडण्याआधी नुकसानभरपाईचा करार व्हावा, कामाचे टप्पे दुकानदारांशी बोलून ठरावेत, तारीख पुढे गेली तर भरपाई आपोआप वाढावी. आणि हेही लक्षात घ्या, की जमिनीवर रूळ टाकायला भुयारी स्थानकं खणण्यापेक्षा कमी वर्षं लागतात. भुयार असलं तरी स्थानकाच्या जागी वरचा रस्ता खणावाच लागतो. एग्लिंटनच्या दुकानदारांचे हाल भुयारी भागातच झाले.

एक गोष्ट आपल्याच माणसांना सांगायला थोडं धैर्य लागतं. रेल्वे हवी म्हणायचं आणि स्थानकाजवळ बारा मजली इमारत येते म्हटलं की विरोधाच्या अर्जावर सही करायची, हे दोन्ही एकत्र चालणार नाही. ब्रिटिश कोलंबियानं 2023 मध्ये कायदाच केला की स्कायट्रेनच्या स्थानकापासून 800 मीटरच्या आत ठराविक उंचीच्या इमारती अडवता येणार नाहीत. स्थानकापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर माणसं राहिली तरच गाड्या भरतात, आणि गाड्या भरल्या तरच फेऱ्या वाढतात. आज आपली मुलं बेसमेंटमध्ये भाड्यानं राहतात, पंचविशीतल्या जोडप्याला स्वतंत्र घर परवडत नाही. मेन स्ट्रीट आणि क्वीन स्ट्रीटवर चांगल्या इमारती उभ्या राहिल्या तर त्यात राहणारी मुलं आपलीच असतील. "आमच्या भागाची शांतता" हे कारण घेऊन सभेत उभं राहण्याआधी या मुलांचा विचार करावा, एवढंच माझं मागणं आहे.

मिल्टनकरांना वाटेल, आमचा यात काय संबंध. तुमचं दुःख वेगळं आहे आणि जुनं आहे. मिल्टनची गो रेल्वे 1981 मध्ये सुरू झाली आणि आजही सकाळी टोरंटोकडे, संध्याकाळी परत, एवढीच धावते. कारण ते रूळ मालवाहतूक कंपनीचे आहेत, आज सीपीकेसी नावाच्या, आणि मालगाड्यांच्या मधे प्रवासी गाड्यांना जागा मिळत नाही. किचनर मार्गावर ब्रॅमली आणि जॉर्जटाउनच्या मधला भाग असाच सीएन या दुसऱ्या मालवाहतूक कंपनीचा आहे. म्हणून ब्रॅम्प्टन गोवर दिवसभर दर पंधरा मिनिटांना गाडी येऊ शकत नाही. 2016 मध्ये प्रांतानं मालगाड्यांसाठी वेगळा वळणमार्ग बांधायचा बेत जाहीर केला होता, पुढच्या सरकारच्या काळात तो मागे पडला. हे काम काउन्सिलच्या हातातलं नाही. रेल्वे कंपन्यांवर अधिकार संघराज्य सरकारचा आहे. आपल्या खासदाराच्या कार्यालयात जाऊन विचारायचा प्रश्न हा आहे, आणि खासदारही आपल्या गणपतीला येतातच.

रेल्वे येईपर्यंतची वर्षंही जगायची आहेत. ब्रॅम्प्टननं 2010 मध्ये झूम बससेवा क्वीन स्ट्रीटवर सुरू केली. तिनं लोकांना बसमध्ये आणून दाखवलं. या शहरातल्या बसप्रवाशांची वाढ देशातल्या सगळ्यात वेगवान वाढींपैकी होती. पण झूम आजही मोटारींच्याच गर्दीत अडकते. रंगाच्या पट्ट्यानं बससाठी वेगळी मार्गिका आखायला भुयार लागत नाही, प्रांताची परवानगीही फारशी लागत नाही. काउन्सिलच्या मनात असायला हवं. फेब्रुवारी 2024 पासून एकाच भाड्यात ब्रॅम्प्टन ट्रान्झिटमधून गो किंवा टीटीसीत (टोरंटोच्या बस-सबवेत) बदलता येतं, हे आपल्यातल्या बऱ्याच लोकांना अजून माहीत नाही. आई-बाबांना भाडं भरायचं प्रेस्टो कार्ड काढून द्या आणि एकदा त्यांच्याबरोबर बसून व्हॉन मेट्रोपॉलिटन सेंटरपर्यंत, तिथून सबवेनं टोरंटोपर्यंत जाऊन या.

आता कामाचं. मत द्यायला कॅनडाचं नागरिकत्व लागतं, पण काउन्सिलपुढे बोलायला लागत नाही. पर्मनंट रेसिडेंट, विद्यार्थी, सुपर व्हिसावरची आजी, कुणीही बोलू शकतं. सिटी क्लर्कच्या कार्यालयात आधी नाव नोंदवायचं, बोलायला काही मिनिटं मिळतात. जाता आलं नाही तर पत्र पाठवलं तरी ते नोंदीत जातं. इंग्रजी कसं येतं याची काळजी करू नका. थांब्यावर किती वेळ उभे राहता, नोकरी कुठे आहे, घरी परत कसे येता, हे साध्या शब्दांत सांगितलं की पुरे. काउन्सिलरना आकडे त्यांचे अधिकारी देतातच; प्रवासी समोर येऊन बोलताना त्यांना क्वचित दिसतो.

उमेदवार भेटले तर त्यांच्याकडून तीन गोष्टींचं उत्तर लेखी मागा. मेन स्ट्रीटवरच्या विस्ताराला जमिनीवरच्या मार्गानं पाठिंबा आहे का. हुरॉन्टारिओवर रेल्वेला सिग्नलचं प्राधान्य मिळणार का. आणि क्वीन स्ट्रीटवर बससाठी वेगळी मार्गिका पुढच्या चार वर्षांत आखणार का. आलेली उत्तरं आपल्या मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांवर जशीच्या तशी टाकू, मग ती आपल्या आवडत्या उमेदवाराची असोत की नसोत. गणपतीच्या दिवसांत एका शनिवारी दुपारी सगळ्या उमेदवारांना एकत्र बोलवून तासाभराचा प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम करावा, असं मी आमच्या मंडळाला सुचवलं आहे. हॉल मिळेल. प्रश्न लिहायला, आजी-आजोबांना आणायला आणि इंग्रजीत बोलायला संकोचणाऱ्यांच्या शेजारी बसायला माणसं हवी आहेत. ज्यांना जमेल त्यांनी कार्यकारिणीला ऑगस्टअखेरपर्यंत कळवा.

आपली,
एक ब्रॅम्प्टनकर